दोन बार जोडीनं गेले

अजिंठा, ४ एप्रिल २०१३

आप्पा,

वर श्री घातला आहे तो देवासाठी. तुला नमस्कार लिहायला हात वळत नाही, म्हणून लिहीत नाही. अकरा वर्षांतलं हे पहिलं पत्र आणि तेही भांडणाचं आहे, तेव्हा चष्मा लावून नीट वाच. फोनच करणार होते, पण द्वारका म्हणाली, मामा फोनवर "हां हां, बघू" म्हणतो आणि कापतो. कागद असा मध्येच कापता येणार नाही तुला.

पहिली गोष्ट. माझ्या जावयाला तू कामावर ठेवलंस, तेही मला न विचारता. बन्सीराव दोन महिने झाले तुझ्या कॉम्प्रेसरवर ड्रिल धरतात आणि मला ते परवा नानासाहेबांच्या तोंडून कळतं. ज्या घरातल्या एका माणसाचे डोळे तुझ्या कामावर गेले, त्याच घरातला दुसरा माणूस उचलताना तुला काहीच वाटलं नाही? माझी लेकसुद्धा तुला सामील. लग्नात मामा म्हणून तिच्यामागं मी चुलत भावाला उभं केलं, तुला अक्षतही पाठवली नाही, आणि ही पोरगी नवऱ्याला घेऊन तुझ्याच दारात गेली.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट. नानासाहेब बाजेवर बसले, चहा प्याले आणि तुझ्या दाजींना म्हणाले, "कडूबा, बोअरमधून नुसता फुफाटा यायलाय. म्हणून त्या जुन्या विहिरीचंच काम काढलंय पुन्हा. तुझ्या मेव्हण्यालाच दिलंय." तुझे दाजी दावं वळत बसले होते. हातातला पीळ थांबला. मग म्हणाले, "चांगलं केलं. पानी हाय तिथं." आणि पुन्हा वळायला लागले. त्यांच्या जागी मी असते तर ते दावं नानासाहेबांच्या गळ्यात घातलं असतं. ज्या विहिरीत माणूस आंधळा झाला, तिच्या गोष्टी त्याच्याच बाजेवर बसून करतात लोक.

त्या विहिरीत तू बन्सीरावांना हातड्रिल देऊन उतरवणार आहेस, असं कळलं. तुझ्याकडं पोकलेन आहे ना? द्वारकानं मोबाइलवर दाखवलं मला. बकेट काढून त्या जागी लांब शिडीसारखी लोखंडी चौकट लावली आहे, तिच्यावर ड्रिल खालीवर सरकतं, आणि माणूस लांब काचेच्या केबिनमध्ये बसून दांडे हलवतो. होल तिकडं पडतो, माणूस इकडं असतो. मशीनला झेंडूची माळ घालून शेजारी तू उभा आहेस, टोपी घालून, लग्नातल्या व्याह्यासारखा.

तर ते मशीन नानासाहेबांच्या विहिरीवर आण. हातड्रिल घेऊन तिथं माणूस उतरता कामा नये. मला एवढंच म्हणायचं आहे. का, ते विचारू नको.

तुझ्या लेकरांना आशीर्वाद. तुला काही नाही.

राजाबाई कडूबा, अजिंठा


१२ एप्रिल

आप्पा,

पत्राला पत्रानं उत्तर द्यायची रीत तुला शिकवायला कोणी नव्हतं, की आता मोठा कंत्राटदार झालास म्हणून विसरलास? उत्तर पाठवलंस ते जावयाच्या तोंडी. ते आले, ओट्यावर बसले आणि हसत म्हणाले, "मामी, मामा म्हणले, मशीन महिनाअखेरपर्यंत शेंद्र्याला अडकलंय. अन् विहीर तर साफ हाय. एक बार मुका राहिला व्हता, तो मामंजींच्या टायमाला गेला. तुम्ही उगं भिता."

"उगं भिते?" मी म्हटलं.

"माचिसच्या काडीलाबी भिता तुम्ही, द्वारका सांगती."

जावई माणूस, काय बोलणार? त्यांना जेवायला वाढलं आणि आत जाऊन तुला मनसोक्त शिव्या दिल्या.

शेंद्र्याचं मला सगळं कळलं बरं का. तिथं कारखान्याचा पाया खणायचा आहे. डोक्यावर पिवळी टोपी असल्याशिवाय आत सोडत नाहीत, खड्ड्याभोवती लाल-पांढरी पट्टी बांधतात, आणि होल मारताना खड्ड्यात माणूस दिसला तर साहेब काम बंद करतो. म्हणून तिथं तुझं ड्रिल मशीनवर चढलं. तिथं साहेब बघतो म्हणून माणूस बाहेर, आणि नानासाहेबांच्या विहिरीत बघायला कोणी नाही म्हणून माणूस आत. तोच माणूस, आप्पा. तोच बन्सी. शेंद्र्यात त्याच्या जिवाला किंमत आहे आणि आपल्या गावाच्या वेशीत आला की संपली? त्या खालच्या काळ्या खडकाला तरी फरक कळतो का, की हा कारखान्याचा आणि हा शेताचा?

तुला आपलं जुनं काम आठवतं का? की शहरात, छावणीत घर घेतल्यावर तेही धुऊन टाकलंस? तू, तुझे दाजी आणि मी. दिवसभर ते होल मारायचे. संध्याकाळी तू सुरुंग भरायचास, प्रत्येकाची वात थोडी कमीजास्त कापायचास, म्हणजे बार एकामागून एक वाजावेत. मी लांब मलब्याच्या ढिगावर उभी. जेवढे होल, तेवढे खडे माझ्या मुठीत. एक बार वाजला की एक खडा टाकायचा. मूठ रिकामी झाली तर सकाळी काम. मुठीत खडा उरला तर बार मुका राहिला, दुसरा सगळा दिवस विहिरीत कोणी उतरायचं नाही, आणि मग तू एकटा जाऊन तो शोधायचा. गावोगावचे लोक म्हणायचे, बाई मोजायला कशाला? तुझे दाजी म्हणायचे, "तिचे कान हरणाचे हायेत." आठवतं?

आणि तू काय म्हणायचास तेही मला आठवतं. नानासाहेबांच्या त्याच विहिरीवर, दाजींचे डोळे गेले त्याच्या आठ दिवस आधी, माझ्या मुठीत एक खडा उरला. दिवस वाया गेला. तू उतरून शोधलंस तर सगळे होल फुटलेले. दोन बार अगदी एकाच वेळी वाजले होते. तर वर येऊन, नानासाहेबांच्या गड्यांसमोर, तू मला "बहिरी राजी" म्हणालास. सगळे हसले. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन आले तर गडी म्हणतात, "बहिरीबाई, मीठ हाय का?" तेही तुझंच शिकवणं.

मशीन आण. तिसऱ्यांदा सांगायला लावू नको.

राजाबाई


२० एप्रिल

आप्पा,

तुझं कार्ड मिळालं. चार ओळी. मी ते दाजींना वाचून दाखवलं नाही. तुझ्याच शब्दांत इथं उतरवते, म्हणजे आपण काय लिहितो हे तुलाही एकदा दिसेल.

"राजी, विहीर साफ आहे. आठ वाजले होते, राहिला तो एकच, आणि तो दाजींवर गेला. बन्सीला मी जिवापाड जपतो. दाजींमुळंच तर हे ड्रिल मशीनवर बसवलं, दुसऱ्या कोणाचे डोळे जाऊ नयेत म्हणून. आता तरी राग सोड."

दाजींमुळं बसवलंस? मग दाजींच्या विहिरीला का नाही? वाळूजच्या वर्कशॉपात महिनाभर बसून ते करून घेतलंस म्हणे, पाइप फुटले, पिना बसेनात, तरी हटला नाहीस. द्वारका कौतुकानं सांगत होती. माणूस होलापासून लांब राहिला पाहिजे, एवढंच तुझ्या डोक्यात होतं म्हणे. आणि आता हीच गोष्ट मी मागते आहे तर तुला महिनाअखेर आठवते. अकरा वर्षं उशिरा शहाणा झालास आणि शहाणपण शेंद्र्याला ठेवून गावाकडं येतोस.

मला सांगतोस राग सोड. राग सोडला तर माझ्याकडं काय राहतं, ते तुला माहीत नाही.

काल मी विहिरीवर गेले होते. अकरा वर्षांत त्या रस्त्यानं गेले नव्हते. पाणी आटलं आहे. पंचवीस फूट खाली तळ दिसतो, आणि पूर्वेच्या अंगाला त्या दिवशीचा मलबा तसाच पडला आहे. कोणी काढलाच नाही. दाजींना उचलून वर आणलं आणि सगळे गेले, ते गेलेच. त्याच्याखाली किती होल झाकले गेले आहेत, ते तू तरी बघितलंस का? साफ आहे म्हणतोस ते कशावरून?

कॉम्प्रेसरचा ट्रॅक्टर येऊन लागला आहे. बन्सीराव येत्या गुरुवारी उतरणार. मी काय काय केलं, ऐक. द्वारकाला म्हटलं, ताप आल्याचं सोंग घे. ती म्हणाली, "आई, तुझं मामाशी भांडण हाय, त्यात माझ्या घराचं काम कशाला घालवती?" नानासाहेबांना म्हटलं, मुहूर्त बरा नाही. ते म्हणाले, "बाई, पाण्याला कशाचा मुहूर्त?" बन्सीरावांना म्हटलं, जुन्या होलात टोक टेकवू नका. ते म्हणाले, "मामी, या कातळावर टोक घसरतंय. जुना होल गावला तर बरंच हाय की." हेच, आप्पा. हेच तुझे दाजी करत होते. गुळगुळीत खडकावर ड्रिल नाचतं, म्हणून जुन्या फुटक्या होलात टोक टेकवलं, आणि त्याच्या बुडाशी मुका बार बसलेला. हे बन्सीरावांना सांगितलं तर हसले.

सगळे म्हणतात, राजाबाईचा भावावर राग आहे म्हणून बोलते. माझ्या रागाचा मला आज पहिल्यांदा तोटा होतो आहे. अकरा वर्षं तो मी इतका मिरवला की आता मी खरं बोलले तरी तो रागच वाटतो लोकांना.

राजाबाई


२३ एप्रिल, मंगळवार

आप्पा,

हे टपालात टाकणार नाही. पहाटेच्या एस.टी.नं निघते आहे, तुझ्या घरी येऊन तुझ्या हातात देईन. तोंडानं सांगायला गेले तर भांडेन आणि खरी गोष्ट राहून जाईल. तू वाचेपर्यंत मी पायरीवर बसते. वहिनीला सांग, पाणी नको, चहा नको.

ते शब्द माझे होते. "दोन बार जोडीनं गेले." हे तुला माहीत आहे, म्हणून तुला पाठवलेल्या पत्रांत मी ते एकदाही तुझ्या नावावर लिहिलं नाही. पण बाकी सगळ्यांना मी तेच सांगितलं. दवाखान्यात सासूनं विचारलं, "कुनी म्हनलं उतर म्हून?" मी म्हणाले, आप्पा म्हणला, जोडीनं गेले म्हणून. दाजींना तेच सांगितलं. सगळ्या भावकीला तेच. तुझ्या तोंडावर दार लावलं. आईच्या दहाव्याला तू समोर आलास तर पाठ फिरवली. तू एकदाही म्हणाला नाहीस की राजी खोटं बोलते.

का नाही म्हणालास? याचाही मला राग आहे, तुला सांगून ठेवते. तू तेव्हाच ओरडला असतास तर एकदाच काय व्हायचं ते झालं असतं. सासरच्यांनी हाकललं असतं, नाहीतर ठेवलं असतं. तू गप्प बसलास. मी खोटी आणि तू मोठा, असं ठरवून टाकलंस, आणि मला रोज उठून ते खोटं सांभाळावं लागलं. दाजींना भाकर वाढताना, त्यांचा हात धरून नाल्याकडं नेताना. दर वेळी.

पण एक गोष्ट तुलाही माहीत नाही. तीच सांगायला आले आहे.

होल नऊ होते. तू ढिगाकडं तोंड करून ओरडलास, "किती?" मी म्हणाले, "आठ. शेवटचे दोन जोडीनं गेले." आप्पा, आठ नव्हते. सात होते. माझ्या मुठीत दोन खडे होते. दोन. मला चांगलं ऐकू आलं होतं. पण ढिगाच्या पायथ्याशी तू होतास, नानासाहेबांचे ते गडी होते, आणि आठ दिवस झाले होते मला बहिरी ठरवून. सात म्हटलं असतं तर सगळे पुन्हा हसले असते. दोन जोड्या एकाच दिवशी कोण मान्य करतं? म्हणून मी एक खडा हळूच पदरात सोडला आणि आठ म्हणाले. मला वाटलं, मागच्या वेळी जोडीनं गेले, तसेच आताही गेले असतील. देवाशप्पथ, तसंच वाटलं.

एक दाजींवर गेला. दुसरा त्या मलब्याखाली आहे. नाहीतर खरंच जोडीनं गेला असेल, मला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही. तू सगळ्यांना विहीर साफ आहे म्हणून सांगतोस ते माझ्या शब्दावर, आणि माझा शब्द खोटा आहे.

आता ठरव. जावई माझे आहेत, भाचजावई तुझे आहेत. मशीन आण आणि ड्रिल लांबून चालव. दाजींना काय सांगायचं ते मी बघेन.

मी बाहेर बसले आहे.

राजी


३ मे

आप्पा,

पायरीवरचं काही लिहीत नाही. तू कागद घडी करून खिशात घातलास आणि शेंद्र्याला फोन लावलास, "ड्रिल तसंच लावून मशीन ट्रेलरवर चढवा. बकेटबी संगं घ्या. साहेबांशी मी बोलतो." तिकडचा साहेब तुला काय काय बोलला ते मला पायरीवर ऐकू येत होतं. तू "व्हय साहेब, व्हय साहेब" म्हणत राहिलास. त्या दिवशी एवढंच बोललास.

गेल्या रविवारचं मात्र लिहिते, कारण तू काचेत होतास आणि बाहेर काय झालं ते तुला माहीत नाही.

तुम्ही पश्चिमेच्या अंगानं उतार काढला आणि मशीन दहा फूट खाली नेलं तोवर मी दाजींना घेऊन आले होते. दोन शेतं सोडून, चिंचेखाली. बन्सीराव आमच्यापाशीच होते, फुरंगटून. मामांनी आपल्याला सोडून आपण स्वतः मशीनवर बसावं, हे त्यांना लागलं होतं. "ऑपरेटर हाय, म्या हाय, अन् साठीचा म्हातारा दांडे धरतोय," असं पुटपुटत होते. तू ऑपरेटरला का उतरवलंस, ते मला कळलं होतं. मला आवडलं नाही. तिथंही तुला मोठंच व्हायचं होतं.

बकेटनं मलबा ओढलास, मग बकेट काढून ड्रिल चढवलंस. दाजी ऐकून सगळं सांगत होते. "आता पिना ठोकल्या. आता टोक टेकलं. हा खडक कोरा हाय." पाच होल झाले. सहाव्याला टोक टेकलं तसे ते म्हणाले, "ह्यो आवाज येगळाय." आणि लगेच बार झाला.

धुरळा बसला तेव्हा ड्रिलची सळई उसासारखी वाकलेली, चौकट पिळलेली, केबिनच्या जाळीत दगड रुतलेले. तू दार उघडून कानावर हात मारत उतरलास. बन्सीराव मातीत बसले होते. त्यांचं तोंड मी पाहिलं. त्या होलावर ते वाकलेले असते, छातीशी ड्रिल धरून. द्वारका पळत आली ती त्यांना धरून इतकी रडली, आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "आई, तुला कसं ठावं व्हतं?"

मी काही बोलायच्या आत दाजी म्हणाले, "राजी, हा बार कुठला? अजून भरलं कुठंय कुनी?"

मग त्यांनीच पुन्हा विचारलं,

"ह्यो कितवा?"

मी म्हणाले, "नववा."

त्यांनी बोटांवर हिशेब केला. मग म्हणाले, "म्हंजी त्या दिशी सातच वाजले."

"व्हय."

"अन् जोडीनं गेले म्हनलं कोन?"

"म्या."

त्यांनी माझ्या खांद्यावरचा हात काढला. काठी टेकत, ढेकळांत ठेचा खात, एकटे घरी गेले. मी दहा पावलं मागून चालत होते. दोनदा पडले, मला हात लावू दिला नाही. चार दिवस एक शब्द नाही. ताट ठेवलं की जेवायचे, दावं वळायचे. मी म्हटलं, मारा, हाकला, भावकी बोलवा. काही नाही. तू गप्प बसलास तेव्हा मला वाटलं होतं, याहून वाईट काही नसतं.

आज सकाळी बोलले. म्हणाले, "आप्पाला बोलव. अकरा वर्षं माझ्या दारातून माघारी गेला तो. जेवाया बोलव. अन् तो बसला म्हंजी, त्याच्या म्होरं, माझ्या म्होरं, एकदा मोज. खडे घेऊन. जसं ऐकलं तसं. मला ऐकायचंय."

म्हणून हे पत्र. ड्रिल नीट झालं की नाही ते नंतर बोलू. बन्सीराव म्हणतात, वाळूजला स्वतः घेऊन जातो, आता हातड्रिलला हात लावणार नाही. नानासाहेबांनाही सांगितलं आहे, पुढचं सगळं काम मशीननंच होईल, उशीर झाला तरी.

नाल्यातून आठ खडे वेचून आणले आहेत. नववा माझ्याकडंच आहे, तो पदरात सोडलेला. अकरा वर्षं पितळी डब्यात ठेवला होता, हळदीच्या पुडीखाली. मी सगळं मोजीन. सात टाकीन आणि दोन मुठीत ठेवून मूठ उघडीन. मला माफ करायला येऊ नको, तुझ्या माफीची मला चीड येते. ऐकायला ये.

आणि ऐकून झालं की तू एक गोष्ट करायचीस. नानासाहेबांच्या त्या गड्यांतले दोघं अजून गावात आहेत. त्यांना बोलावून त्यांच्यासमोर सांगायचं, की राजी बहिरी नाही. सात वाजले होते आणि मी सातच ऐकले होते. माझे कान चांगले आहेत, आप्पा.

कधी येतोस ते कळव.

राजी